आरसा, पुल्लिंगी नाम

बोलीच्या शब्दकोशासाठी मी चिठ्ठ्या भरते.
चिठ्ठीमागे बारा रुपये.
गल्लीगल्ली हिंडायचं, माणसांना बोलतं करायचं,
अर्थ लिहून आणायचा.
या वेळी माझ्या वाट्याला 'आरसा' आला.

लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात इलाही शिकलगार.
आजा तलवारींना शिकल करायचा, बाप कात्र्यांना धार,
हे आरशांना पाठ देतात.
"पाठ?" मी पेन उघडलं.
"मग काय तर! फुडनं नुस्ती काचच की वो ती.
दिसाय लागतंय ते पाठीमुळं."

हुपरीच्या चांदीचं पाणी त्यांनी काचेवर ओतलं
आणि काच आधी तपकिरी, मग काळी,
मग एकदम माझी हनुवटी.
"लोक पारा म्हणत्यात. पारा कुठला आता?
पारा माझ्या चुलत्याच्या हातात ऱ्हायला.
च्याची बशी धरली की
बशीतला च्या आधी कापडावर, मग तोंडात."
मी लिहिलं:
पारा. १. एक धातू. २. राग; चढतो, उतरतो.
३.
तीनपुढची जागा कोरी ठेवली.

सर म्हणाले, 'दर्पण'ही घ्या, संस्कृत आहे, मूळ दर्प, म्हणजे गर्व.
मी जवाहरनगरात गेले.
हिराबाई सातपुते चपलेच्या पट्ट्यांना वेणी घालत होत्या,
पाण्यात भिजलेलं कातडं पायाशी.
"दर्प व्हय? येतोय की.
तुमास्नी येतोय. आमास्नी न्हाई."
आणि दोरा दाताने तोडला.
मी नाकावरचा पदर खाली घेतला.
तो कधी वर गेला होता, मला कळलंच नव्हतं.

ज्योतिराम खाडे, वय एकसष्ट, एके काळी जोड मिळत नव्हती म्हणे.
"तालमीत आरसा नसतोय, बाई.
वस्ताद म्हणायचं, सोताला बघाय लागलं पोरगं
की मातीत उतरत न्हाई.
माझं कान फुटल्यालं मला सलूनमधी कळालं.
भनीच्या हळदीदिवशी.
फुडं एक आरसा, मागं एक आरसा,
मी आपला वळीनं बसल्यालो, लांब पातूर,
संपतच न्हाई,
आन् समद्यांचं कान फुटल्यालं."
"मग?"
"मग काय. दाढी करून घेतली."

याची चिठ्ठी कुठल्या शब्दाखाली लावायची
मला ठरवता आलं नाही.
'हातच्या कांकणाला आरसा कशाला'च्या मागे
टाचणीने टोचून ठेवली.

परत शिकलगारांकडे, नमुना आणायला.
त्यांची बहीण जैतून पाण्याखाली कडा घासत होती,
मशीन बंद करून म्हणाली,
"काच लिवलासा का?"
लिहिलं. पारदर्शक, ठिसूळ.
"ती न्हवं. दुसरा.
परकराच्या नाडीचा असतोय बघा. सासरचा असतोय.
मी दोन वर्सं कागलला हुतो.
ती काच, तो काच.
ती फुटती."
पुढचं वाक्य मशीन सुरू झाल्यामुळे
मला ऐकू आलं नाही.
की तिने ते बोललंच नाही.

सरांनी दोन स्वतंत्र नोंदी केल्या.
व्युत्पत्ती वेगळी, लिंग वेगळं,
पण वर्णानुक्रमाला इलाज नाही:
एकाखाली एक राहतात.

घरी न्हाणीतल्या आरशाची पाठ सुटलीय,
डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढी.
तिथून मी दिसत नाही.
तिथून भिंत दिसते, चुना, एक खिळा,
आणि गवंड्याने पेन्सिलने टाकलेलं माप:
साडेसात, त्याखाली रेघ.
नवऱ्याने दोनदा म्हटलं, बदलून टाक.
मी केस विंचरताना आता
थोडी डावीकडे सरकून उभी राहते.

पाऱ्याचा तिसरा अर्थ मी अजून जमा केलेला नाही.
बारा रुपये अडकलेत.